गुलाल, नावं आणि ‘व्हॉट्सॲपवर टाकलाय’: बातमीच्या फोटोतल्या या चुका टाळा

नवीन पोरं विचारतात ते एकच: लेन्स कुठली घेऊ? सत्तर-दोनशे (लांबचं जवळ ओढणारी झूम) घे, चोवीस-सत्तर (जवळचं, रुंद टिपणारी) घे, काहीही घे. पुण्यात बातमीचा फोटो वाया जातो तो लेन्समुळे नाही. बटण दाबायच्या आधीच्या पाच मिनिटांत जातो, नाहीतर दाबल्यानंतरच्या तासाभरात. त्याच त्या चुका दर गणपतीत बेलबाग चौकात आणि दर पावसाळ्यात नदीपात्रात दिसतात. कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलेलं बरं.

गुलालात लेन्स बदलणं

मानाच्या पाच गणपतींत तिसरा गुरुजी तालीम, आणि त्याची ओळखच गुलालाची. मंडईतून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते तेव्हा हवेत इतका गुलाल असतो की समोरच्या गल्लीचं तोंड दिसत नाही. नेमकं तेव्हा कुणीतरी कडेच्या ओट्यावर बसून चोवीस-सत्तर काढून सत्तर-दोनशे लावत असतं. बॉडीचं, म्हणजे लेन्स काढलेल्या कॅमेऱ्याचं, तोंड आकाशाकडे, लेन्सचं झाकण दातात.

एका वर्षी एका पोराने असंच केलं. त्यात लेन्सवर गुलाबी थर दिसला म्हणून खिशातला ओला टिश्यू काढून पुसला. गुलाल कोरडा असतो तोवर ती धूळ असते, फुंकली की जाते. पाणी लागलं की तो रंग होतो. काचेवर गुलाबी चट्टा बसला, झूमची रिंग खरखरायला लागली, आणि त्यानंतर लक्ष्मी रस्त्याच्या शेवटी अलका टॉकीजपर्यंत काढलेल्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी तीन डाग. मोबाईलवर बघताना कळलं नाही. ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर कळलं, तोवर मानाचे पाचही गणपती विसर्जनाला पोचले होते.

असं का होतं तेही समजून घ्या. पुढे-मागे होणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर पूड आत जाते. आत पंप न होणारी, म्हणजे लांबी न बदलणारी सत्तर-दोनशे त्या मानाने सुरक्षित. माउंट, म्हणजे लेन्स बसते तो जोड, उघडलं की आतला फोटो टिपणारा सेन्सर उघडा, आणि त्यावर बसलेला कण आपण होऊन पडत नाही.

उपाय साधा आहे, फक्त सकाळी वीस मिनिटं द्यावी लागतात. दोन बॉडी असतील तर दोन्हींवर लेन्स घरीच चढवायची आणि दिवसभर उतरवायची नाही. एकच बॉडी असेल तर चोवीस-सत्तर किंवा चोवीस-एकशेपाच लावून निघा. जे हुकेल ते हुकू दे. पुढे काच वाचवायला यूव्ही फिल्टर. माउंटचा जोड, चार्जिंगची आणि माइकची भोकं, हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच), कार्डाचं दार यांवर मेडिकलमध्ये मिळतो तो पांढरा कागदी टेप लावा. निघताना चिकटा मागे राहत नाही. पॅकिंगचा खाकी टेप लावणाऱ्यांनी संध्याकाळी रॉकेल शोधत बसावं.

घरी आल्यावर लेन्स लगेच काढायची नाही. आधी बॅग बाहेरच झटका. मग कॅमेरा तोंड खाली धरून ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, पुन्हा ब्लोअर. ओलसर फडकं सगळ्यात शेवटी, तेही बाहेरून. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. गॅरेजमधल्या हवेच्या नळीखाली कॅमेरा धरणारेही पाहण्यात आहेत. त्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं. मग छिद्र एफ १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आऊट ऑफ फोकस फोटो काढा आणि मोठा करून बघा. करडा ठिपका ब्लोअरने जातो. गुलाबी चट्टा दिसला तर स्वतः हात लावू नका, सर्व्हिसला द्या.

उजेडाचंही जाता जाता: लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक पश्चिमेकडे जाते. सकाळी बेलबागेपाशी मूर्तीसमोर उभं राहिलात तर सूर्य मूर्तीच्या मागे, चेहरा काळा. दुपारनंतर अलका चौकाच्या बाजूला थांबलात तर तोच सूर्य तुमच्या पाठीशी असतो. सकाळी मूर्तीपेक्षा बाजूने ढोल-ताशा पथक काढा. पण सगळ्यांना सकाळी साडेदहालाच कव्हर फोटो हवा असतो.

लेझर

रात्री डीजेच्या गाड्यांवरचा लेझर थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा मेलेले ठिपके राहू शकतात. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना आरसा मध्ये असतो, त्यामुळे सेन्सरला धोका क्लिकच्या क्षणापुरताच. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच. बंदीचे आदेश निघतात, तरी एखादी गाडी येतेच. किरण तुमच्याकडे फिरतोय असं वाटलं की लेन्स खाली. त्या एका फ्रेमसाठी सेन्सर घालवणं ही मर्दुमकी नाही. आणि कानात बोळे घाला, ते दोन पैशांचं काम आहे.

नावं

हा दुसरा आवडता विषय. पुण्याचा वाचक फोटोतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, माफ करतो, आडनावाच्या आधीचं इनिशियल चुकलेलं माफ करत नाही. पत्र लिहितो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरून कॅप्शन लिहिणं. पत्रिकेत कोण येणार होतं ते असतं, कोण आलं ते नसतं. प्रमुख पाहुणे ऐनवेळी अडकतात, त्यांच्या जागी संस्थेतलं कुणीतरी बसतं, पुरस्कार घ्यायला आजारी सत्कारमूर्तीचा भाऊ येतो. एका कार्यक्रमात नेमकं हेच झालं. फोटोग्राफर दहा मिनिटांत शाल-श्रीफळाची फ्रेम काढून पुढच्या कामाला गेला, कॅप्शन पत्रिका बघून लिहिलं. सकाळी छापून आलं तेव्हा जो माणूस हॉस्पिटलमध्ये होता तो हसत शाल घेताना, आणि जो खरोखर उभा होता त्याचं नावच नाही. दुपारपर्यंत दोन्ही घरांतून फोन. दुरुस्ती चार ओळींची आली, पण संस्थेने त्या फोटोग्राफरला पुन्हा कधी बोलावलं नाही.

सवय अशी लावा: शेवटची फ्रेम झाल्यावर नावं विचारा, आधी नाही. शाल देताना लोक जागा बदलतात, त्यामुळे आधी लिहिलेलं ‘डावीकडून’ उलटं होतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ती फ्रेम उघडून आयोजकासमोर धरायची आणि बोट ठेवून विचारायचं, हे कोण, हे कोण. पाच चेहरे तर पाच नावं, मोजा. डावीकडून म्हणजे वाचकाच्या डावीकडून. टेबलावरच्या नामफलकांचा एक फोटो घ्या, मागच्या बॅनरचाही घ्या, पण शुद्धलेखनासाठी; ओळख पटवायला नाही, कारण फलक जागच्या जागी राहतो आणि माणूस सरकतो. ‘डॉ.’ आणि ‘ॲड.’ विचारल्याशिवाय लावू नका, विचारल्याशिवाय गाळूही नका.

कॅमेऱ्याचं घड्याळ हा याचाच भाग. दोन बॉडींची वेळ जुळत नसेल तर संध्याकाळी फोटो क्रमाने लावताना आधी विसर्जन आणि मग आरती अशी गंमत होते. सकाळी निघताना मोबाईलच्या घड्याळाचा दोन्ही बॉडींनी एकेक फोटो काढा. फरक असला तर तिथेच दिसतो.

जुना भिडे पूल

खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढला की ऑफिसातून फोन येतो: भिडे पूल पाण्याखाली गेलाय का? बाहेर धो धो, अंगात आळस, आणि संगणकात मागल्या वर्षीचा झकास फोटो पडलेला. तो पाठवायचा नाही. फाइल फोटो असेल तर ‘संग्रहित’ हा शब्द फोटोवरच हवा, फोल्डरच्या नावात नाही.

पकडले जाल ते असे: वनाज ते रुबी हॉल मेट्रोचा डेक्कनवरून जाणारा टप्पा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. नदीकाठचे मेट्रोचे खांब फोटोत नसतील तर तो फोटो कधीचा हे पेठेतला कुणीही सांगेल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवसाचे फोटो अजून प्रत्येक मोठ्या पावसात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. ते बघून कुणी आईवडिलांना घरातून हलवतं, आणि खरा फोटो येतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

क्युसेकचा आकडा लिहिताना सोबत वेळ लिहा. विसर्ग काही तासांत बदलतो. ‘सकाळी ९ वाजता’ नसेल तर आकड्याला अर्थ नाही. आणि भिडे पुलाचा फोटो भिडे पुलाच्या कठड्यावरून काढू नका. जवळच्या उंच झेड ब्रिजवर जा, वरून पूलही दिसतो आणि पाणीही.

पाऊस आहे म्हणून हेही. एसी ऑफिसातून दमट हवेत आलात की काचेवर वाफ धरते; बॅगेची चेन बंद ठेवून कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं आतच राहू द्या. भिजलाच तर बॅटरी काढा, कार्ड काढा, आणि ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. पाण्याने नाही तर त्या बटणाने बोर्ड जातो. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला पुलाव करायला सांगा. तांदळाची भुकटी फटीत जाते, ओल तशीच राहते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दोन दिवस.

वारीच्या पालखीबरोबर दिवे घाटात गेलात की मात्र वेगळीच गफलत होते. हिरवा डोंगर, ढगाळ हवा, पांढरे सदरे आणि टोप्या. कॅमेरा हिरवा काळोख मोजतो आणि टोप्या फुटतात, त्यात धागाही उरत नाही. एक्स्पोजर उणे ०.७ वर, म्हणजे थोडं गडद, ठेवा. सावलीतला चेहरा नंतर उचलता येतो, फुटलेला पांढरा रंग परत येत नाही.

‘व्हॉट्सॲपवर टाकलाय’

नुसता फोटो म्हणून पाठवलात तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल धरले तर ८ इंच, म्हणजे २० सेंटीमीटर. चालेल वाटतं ना? पण संपादक निम्मा कापतो. उरलं १० सेंटीमीटर, जेमतेम अडीच कॉलम. शिवाय फोटोच्या पोटात लिहिलेलं कॅप्शन, तारीख, नाव सगळं उडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा. लांब बाजू २५०० पिक्सेल, फाइल दीड-दोन एमबी, एवढं पुरतं. दहा एमबीचे वीस फोटो कुणालाच नको असतात. पाच पाठवा. सेकंदाला वीस फ्रेम सोडून तीन हजार फोटो आणणाऱ्याने निवडायची जबाबदारीही घ्यावी.

विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात नेटवर्क बसतं. टॉवरला शिव्या देऊन उपयोग नाही. आदल्या आठवड्यात सदाशिव पेठेत ओळखीच्या घरचा वायफाय मागून ठेवा, आतल्या दोन गल्ल्या चाललात की काम होतं. तिथे चहाही मिळतो.

छपाईत शाई पसरते, म्हणून गडद फोटो आणखी गडद येतो. स्क्रीनवर ‘मूडी’ दिसणारं सकाळी काळं ठिक्कर. सावल्या थोड्या उचलून पाठवा.

थोडक्यात राहिलेलं

एलईडी भिंतीसमोर फोटोत आडवे पट्टे येतात तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० वर आणा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

हंडा मोर्चात ‘ताई, परत एकदा हंडा फोडा’ म्हणू नका. फुटताना हुकला तर हुकला. सांगून फोडलेला हंडा ही बातमी नसते.

मूल गुन्ह्यातलं असो वा पीडित, चेहरा, घर, शाळेचा गणवेश, काहीही ओळखू येता कामा नये. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आणि पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं) कलम २३ वाचून ठेवा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘चेहरा ब्लर केला होता’ हे पुरत नाही. मागची दुकानाची पाटी वाचता येत असेल तर अख्खी गल्ली ओळखते.

ड्रोनची टूम आवरा. लोहगावचा हवाई तळ शहराला खेटून आहे, नकाशा न बघता उडवाल तर फोटोऐवजी तुमचीच बातमी होईल.

कार्ड

मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. पहाटे पाचला घरी येऊन अर्ध्या झोपेत कार्ड लॅपटॉपला लावायचं, कॉपी होतंय असं वाटायचं, आणि दुसऱ्या कामासाठी फॉरमॅट मारायचं. कॉपी मात्र वायर हलल्यामुळे निम्म्यातच थांबलेली. असं झालं तर पहिलं काम म्हणजे त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढायचा नाही. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा फक्त यादी पुसतं, फोटो तिथेच असतात. नवा फोटो त्यांच्यावर चढला की मात्र गेले. कार्ड काढा, एसडीची बाजूची खटकी लॉकवर ढकला, फोटोरेकसारखं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा आणि निघालेलं दुसऱ्या ड्राइव्हवर साठवा, त्याच कार्डावर नाही.

त्यापेक्षा कार्डांना मार्करने नंबर घाला, भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवा, कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दुसऱ्यावर जेपेग चालू ठेवा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा आकडा जुळवा, पहिला आणि शेवटचा फोटो उघडून बघा. फॉरमॅट दुपारी, झोप आणि जेवण झाल्यावर.