क्षमा मागितली, तरी मन स्वतःला सोडत नाही? या चुका टाळा

आई अंथरुणाला खिळलेली असताना एका रात्री तिने चौथ्यांदा पाणी मागितलं आणि मी तिच्यावर खेकसलो. पाच मिनिटांत तिची माफी मागितली, प्रभूचीही मागितली. सकाळपर्यंत आई विसरूनही गेली होती. मी मात्र पुढचे कितीतरी रविवार चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या) वेळी मागच्या बाकावरून उठलो नाही. त्याला मी नम्रता समजत होतो.

क्षमा मिळाल्यावर स्वतःला वेगळी शिक्षा करत बसू नका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो. त्यातला बापाचा पैसा उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरं राखताना बापाला काय सांगायचं ते मनात जुळवतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मोलकरी म्हणून ठेवा. घरी पोचल्यावर पहिल्या दोन गोष्टी तो बोलतो. तिसरी बोलायची वेळच येत नाही. बाप झगा, अंगठी, वहाणा मागवून मोकळा होतो. आपण ती तिसरी गोष्टच घोकत राहतो. येशूने आपल्या पापांसाठी वधस्तंभावर प्राण दिला, ते आपल्यापुरतं कमी पडलं, असाच त्याचा अर्थ होतो. मला हे फार उशिरा उमगलं.

मनाची प्रत्येक टोचणी देवाकडूनच आहे असंही धरून चालू नका. पवित्र आत्मा नेमकी गोष्ट दाखवतो, 'काल आईला असं बोललास', आणि पुढची वाटही दाखवतो. 'तू आहेसच तसला' हा मोघम आवाज वेगळा. रात्रंदिवस दोष देणारा तो सैतान, हे बायबलमध्ये प्रकटीकरण 12:10 मध्ये वाचा. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही तो थांबत नाही. पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने मठात असताना एकदा सहा तास पापांची कबुली दिली, तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मी वहीत कबुलीची तारीख लिहू लागलो. तेच ओझं घेऊन पुन्हा गुडघे टेकले, की ती तारीख बघायची आणि आभार मानायचे.

भरपाई मात्र चुकवू नका. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करायचं कबूल केलं, पण येशू त्याआधीच त्याच्या घरी गेला होता. कुणाचे पैसे बुडवले असतील तर देऊन टाका.

आणि थकव्याला पाप म्हणू नका. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांनी बायबलमधला हा भाग, 1 राजे 19, जरूर वाचावा.

येशूचा शिष्य पेत्र याने येशूला पकडलं त्या रात्री कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना येशूला नाकारलं. पुढे तिबिर्या समुद्राच्या किनाऱ्यावर, मेलेल्यांतून उठलेल्या येशूने तसाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी ठेवली आणि आधी न्याहारीला बोलावलं. 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे तीनदा विचारलं, ते खाणं झाल्यावर. पाळकसाहेबांनी हा उतारा वाचला, त्या रविवारी मी मागच्या बाकावरून उठून पुढे गेलो.