मोबाइलचा मेनू स्क्रिप्टविना करायला बसण्याआधी

मागच्या मिरगाच्या तोंडावर उदगीरच्या मोंढ्यातल्या मामांच्या बी-बियाणांच्या दुकानासाठी मी पाच पानांची साइट केली. लातूरला घरी बसून लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी कडेला धरून आत ढकलली, की मेनू गुपचूप तीन रेघांच्या बटणात जायचा. बाहेर ओढली, की परत यायचा. दहा वेळा करून बघितलं. खुशीत एसटी पकडली. मामांनी पोत्यांच्या थप्पीला टेकून आपल्या फोनवर पान उघडलं आणि म्हणाले, "हे काय रे, काहीच वाचाय येईना गेलंय. मुंग्यावाणी अक्षरं हाएत." तीन रेघांचा पत्ता नाही, लॅपटॉपवरची आख्खी आडवी पट्टी फोनात कोंबलेली. आणि सोयाबीनचं बियाणं न्यायला आलेले चौघं शेतकरी तेच वाकून बघतायत.

तर पहिली वस्तू, आणि बाकीचं नाही वाचलं तरी चालेल: व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, म्हणजे पान किती रुंद मांडायचं हे फोनला सांगणारी. पानाच्या हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागात. नेम व्ह्यूपोर्ट, आणि कंटेंटमध्ये विड्थ बरोबर (=) डिव्हाइस-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-स्केल बरोबर १. ही ओळ नसली की फोन आपली रुंदी खोटी सांगतो. साधारण ९८० पिक्सेल धरून पान मांडतो आणि मग ते आकसून पडद्यावर बसवतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा सगळं वेब मोठ्या पडद्यासाठीच लिहिलेलं होतं, त्यासाठी ही सोय होती, आणि ती बंद करायची ओळही ॲपलनंच तेव्हा दिली. तुमची मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणं मांडणी बदलणारा नियम, म्हणते ७०० पिक्सेलच्या आत असशील तर मेनू मीट, फोन म्हणतो मी तर ९८०. मग मिटणार कसा? लॅपटॉपची खिडकी मात्र खरोखरच अरुंद होते, त्यामुळं तिथं ही चूक जन्मात सापडत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूलमध्ये फोनचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबलं असतं तरी कळलं असतं. नाही दाबलं.

कागद-पेन घ्या. मेनूत काय काय जाणार ते आधी लिहा. चार-पाचच दुवे असतील तर तीन रेघांची गरजच नाही, दोन ओळींत उघडे राहू द्या. मामांना नऊ हवे होते: बियाणे, खते, औषधे, अवजारे, ठिबक, भाव, हवामान, आमच्याविषयी, संपर्क. हवामान काढा म्हणालो, काढलं नाही.

स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा कोड) का नको, हे एकदा मनाशी पक्कं करा, नाहीतर मध्येच मोह होतो. वाडी-तांड्यावर नेट रडतखडत येतं. पान येतं, स्क्रिप्टची फाइल अडकते आणि बटण मेलेलं राहतं. सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी फाइल, आलीच नाही तर निदान दुव्यांची साधी यादी तरी दिसते, माणूस बोट ठेवून पुढं जातो.

आता कोणत्या रीतीनं करायचं ते ठरवा. डीटेल्स-समरी, म्हणजे आपोआप उघडमीट करणारी एचटीएमएलच्या टॅगांची जोडी, सगळ्यात सोपी: की-बोर्डवर आपोआप चालते, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला मेनू उघडा की मिटलेला हे फोन बोलून सांगतो. पण मोठ्या पडद्यावर तोच मेनू कायम उघडा पाहिजे असेल तर मिटलेलं डीटेल्स सीएसएसनं उघडं ठेवणं कटकटीचं आहे. टार्गेटची रीत, म्हणजे पत्त्याच्या शेवटी #नाव आलं की मेनू उघडणं, चालते, पण मागं जायचं बटण दाबलं की आधी मेनूच उघडझाप करत बसतो. पॉपओव्हर, म्हणजे पानावर तरंगती उघडणारी एचटीएमएलची खिडकी, छान आहे, पण फायरफॉक्समध्ये तो २०२४ साली आला, आणि मोंढ्यातले फोन त्याहून जुने. म्हणून चेकबॉक्स: टिक लागली की मेनू उघडा, निघाली की मिटलेला.

चेकबॉक्सचा क्रम पाठ करा: आधी इनपुट (तो चेकबॉक्स), लगेच लेबल (दाबायचं बटण), मग नॅव्ह (दुव्यांची यादी), तिघंही एकाच घरात सख्ख्या भावंडांसारखे. सीएसएसमधली ती नागमोडी खूण (~) फक्त पुढच्या भावंडांकडं बघते. चेकबॉक्स नॅव्हच्या खाली टाकला तर कितीही टिचक्या मारा, काही हलणार नाही. लेबलचा फॉर आणि इनपुटची आयडी अक्षर न् अक्षर सारखी. चेकबॉक्स लपवायला डिस्प्ले नन (पुरतं गायब करणं) लावू नका, मग टॅब दाबून तिथं पोचताच येत नाही. एका पिक्सेलएवढा करून झाकून ठेवा, आणि त्यावर फोकस आला की शेजारच्या लेबलला ठळक कड द्या. मिटलेल्या मेनूला मात्र डिस्प्ले नन हवंच. नुसता डावीकडं पडद्याबाहेर ढकलला तर टॅब न दिसणाऱ्या नऊ दुव्यांतून फिरत राहतो. इनपुटला ऑटोकम्प्लीट ऑफ लिहा, नाहीतर फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावरही जुनी टिक लक्षात ठेवतो आणि मेनू उघडाच्या उघडा.

व्ह्यूपोर्ट टाकलं का? मी विचारतोय कारण मी दुसऱ्यांदाही ठेच खाल्ली. मामांसमोर लाज गेल्यावर तिथंच पहिल्या पानात ओळ टाकली, मेनू मिटला, चहा झाला. मामांनी ‘खते’वर बोट ठेवलं आणि परत मुंग्या. पाच पानं म्हणजे पाच वेगळ्या फाइली, पाच हेड. सीएसएस एका जागी बदलली की सगळीकडं बदलते, ही ओळ तशी नाही. ती सीएसएसमध्ये राहतच नाही. प्रत्येक पानात. सहावं पान कराल तेव्हा त्यातही. आणि त्याच ओळीत झूम बंद करणारं काही घालू नका. चाळिशीनंतर चष्मा घरी विसरलेला माणूस दोन बोटांनी अक्षर मोठं करतो, तेवढं तरी राहू द्या त्याला.

बटणावर नुसत्या रेघा नकोत. "ह्या तीन काड्या कशाच्या?" असं मामांनी विचारलं होतं. शेजारी ‘मेनू’ लिहा, संपलं. उंची ४८ पिक्सेल तरी ठेवा, मातीकामाची बोटं असतात.

देवनागरीचं एक वेगळं दुखणं आहे आणि ते इंग्रजी नमुने उचलणाऱ्याला हमखास चावतं. त्या नमुन्यांत ओळीची उंची १ आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर आलेलं झाकून टाकणं) असतं. आपल्याकडं वर रफार-वेलांटी, खाली उकार आणि ‘कृषी’तला ऋकार. सगळ्यांची मुंडकी नाहीतर पाय कापले जातात. १.६ ठेवा आणि ‘संपर्क’ व ‘कृषी’ हे दोन शब्द डोळ्यासमोर धरून तपासा. एचटीएमएलच्या टॅगला लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी.

मेनूतून त्याच पानावरच्या खालच्या भागाला दुवा देऊ नका. पान खाली सरकतं, मेनू मिटत नाही, कारण टिक काढणारं कुणी नाही. स्क्रिप्ट नसल्याची ही किंमत आहे, ती द्यावीच लागते. स्वतंत्र पान करा.

उघडझापीची हालचाल: वगळा.

तपासणी. खिडकी ओढून नाही. खरा फोन, शक्यतो दुसऱ्याचा, जुना, काच तडकलेला. पाचही पानं. आडवा धरून एकदा. की-बोर्डवर टॅब आणि स्पेस.

सर्व्हरवर चढवणं. सीएसएस बदलली तर फाइलच्या नावात आकडा वाढवा, नाहीतर फोन जुनीच दाखवत बसतो. पाचही पानांचं सोर्स उघडून व्ह्यूपोर्ट शोधा. पाच वेळा सापडलं पाहिजे, चार वेळा नाही.

रंग मामांना विचारायच्या भानगडीत पडू नका. हिरवाच सांगतात.