मुंबई ते थरचं वाळवंट, फोर बाय फोरने: या चुका टाळा

मुंबईहून जैसलमेर अकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. सुरत, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर हा रस्ता आता इतका चांगला आहे की साधी हॅचबॅकही आरामात पोहोचते. फोर बाय फोरचं (चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या गाडीचं) काम त्यानंतर सुरू होतं: जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या बाजूच्या कच्च्या वाटा, रामगढच्या पुढचा वाळवंटी पट्टा, वाळूच्या टेकड्या म्हणजे तिकडचे धोरे. तिथे गाडी अडली की लोक वाळूला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा टायरमधली हवा, टपावरचं सामान किंवा वर्षभर बेसमेंटमध्ये उभी राहिलेली गाडी हे असतं.

चूक: निघण्याच्या आठवड्यात गाडी उघडून बघणं

मुंबईतल्या फोर बाय फोर गाड्या वर्षातले अकरा महिने टू-व्हील ड्राइव्हमध्येच चालतात. फोर बाय फोरचा लिव्हर हललेला नसतो, त्याची जोडणी (लिंकेज) गंजते, आणि ऐन वाळूत ‘फोर लो’ (चारही चाकं, कमी वेग, जास्त ताकद) पडत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या मोकळ्या जागेवर फोर हाय आणि फोर लो लावून शंभरेक मीटर गाडी चालवा. डांबरावर हे करू नका. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (फोर बाय फोर गरजेपुरताच लावायचा; थार, जिम्नी, गुरखा या गाड्या सगळ्या त्यातल्याच) पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. वाळूत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर तो ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि शाफ्टवर येतो. मग लिव्हर अडकून बसतो. तसा अडकला तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, बहुतेक वेळा सुटतो.

निघण्याच्या तीन आठवडे आधी बघायच्या गोष्टी:

- चाकाचे नट स्वतःच्या पान्याने, स्वतःच्या हाताने एकदा उघडून बघा. गॅरेजवाला एअर गनने इतके आवळून ठेवतो की गाडीसोबत आलेला छोटा पाना वाकतो. लांब दांड्याचा पाना घ्या. अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी गाडीतच आहे ना, हे आधी पाहा.
- बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. मुंबईच्या उबदार हवेत ती चालून जाते. जानेवारीत जैसलमेरच्या पहाटे डिझेल इंजिन फिरवताना उघडी पडते.
- कूलंटमध्ये वर्षभर नळाचं पाणी घातलं असेल तर पूर्ण काढून नवीन भरा.
- होस आणि बेल्ट दाबून, वाकवून बघा. समुद्राच्या हवेने टर्मिनल आणि अर्थिंगच्या जोडांवर गंज चढतो. ते घासून ग्रीस लावा.
- स्टेपनीतली हवा मोजा. शेवटची कधी मोजली होती ते बहुतेकांना आठवत नाही.

हवेची चूक

वाळवंटातल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

मऊ वाळूत हवा उतरवायची असते. डांबरावर ३२-३३ पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) चालणारी गाडी वाळूत १८ वर आणा. जास्त मऊ वाळूत १५-१६. अगदी रुतल्यावर, बाहेर निघण्यापुरती, १२. हवा कमी केली की टायर रुंदीला थोडाच पसरतो, लांबीला बराच वाढतो. त्यामुळे वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावरून चालतं. ‘माझे टायर रुंद आहेत, मला गरज नाही’ हे बोलणारे पहिल्याच धोऱ्यावर फावडं मागतात.

आता नेमक्या चुका. पहिली: हायवेवरून आल्या आल्या गरम टायरची हवा उतरवणं. टायर ५० अंशांना असताना १८ मोजलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा-पंधरावर येते. दुसरी चूक याच्या उलट. मुंबईत दुपारी ३३ अंशांत ३३ पीएसआय भरून निघालात आणि जैसलमेरला ८ अंशांच्या सकाळी मोजलंत, तर गेज २९ दाखवेल. पंक्चर नाही, फक्त थंडी. साधारण दर साडेपाच-सहा अंशांना एक पीएसआय धरा.

तिसरी चूक गेजची. पेट्रोल पंपावरचा किंवा दीडशेपर्यंत आकडे असलेला गेज १५ च्या आसपास विश्वासाचा राहत नाही. ० ते ६० चा डायल गेज घ्या. व्हॉल्व्हचा कोअर (आतली छोटी पिन) काढून हवा उतरवत असाल तर चार-पाच कोअर जादा ठेवा. वाळूत पडलेला कोअर सापडत नाही.

चौथी: कमी हवेत वेग आणि झटके. १८ वर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका, झटक्याने वळू नका. १५ च्या खाली आडवा ताण आला की टायर रिमवरून निसटतो, आणि तो परत बसवणं हा अख्ख्या दुपारचा उद्योग आहे.

पाचवी आणि सगळ्यात घातक: डांबरावर आल्यावर हवा न भरणं. कमी हवेत टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि वीस-तीस किलोमीटरमध्ये फाटू शकते. ‘गाव जवळच आहे, तिथे भरू’ असं करायचं नाही. म्हणून कंप्रेसर हवाच, आणि तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवाला नको. त्या सॉकेटचा फ्यूज १० ते २० अँपिअरचा असतो. मोठा कंप्रेसर ३० च्या आसपास ओढतो आणि फ्यूज उडतो. छोटा कंप्रेसर एसयूव्हीच्या दुसऱ्या टायरलाच तापून बंद पडतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या आणि तो चालू असताना इंजिन चालू ठेवा.

अलिबागच्या किनाऱ्यावर ‘सराव’

करू नका. किनाऱ्यावर गाडी घालायला अनेक ठिकाणी बंदी आहे, गुन्हे दाखल होतात, भरतीत गाड्या बुडतात. ते सोडा, त्या सरावाचा उपयोगही नाही. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, थरची कोरडी वाळू पायाखालून सरकते. वर खारं पाणी चॅसिसमध्ये शिरतं ते वेगळंच.

धोऱ्यावर चढताना

आधी उतरून पायी वर जा. पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय माथा ओलांडायचा नाही. थरमध्ये वाळू उडवणारा जोराचा वारा उन्हाळ्यात नैऋत्येकडून येतो, त्यामुळे बऱ्याच धोऱ्यांचा उभा, मऊ उतार ईशान्येच्या बाजूला असतो. त्या बाजूने चढायचा हट्ट धरू नका.

चढताना गाडीचं तोंड सरळ माथ्याकडे, तिरकं नाही. वेग पायथ्याशी घ्यायचा, चढावर नाही. मध्यावर दम संपला तर वळवायचा प्रयत्न करू नका. रिव्हर्स टाकून आलेल्या चाकोरीतूनच सरळ खाली या. आडवी झालेली गाडी उलटते, आणि टपावर सामान असेल तर लवकर उलटते. उतरताना मागचा भाग सरकायला लागला की स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवा आणि हलकासा रेस द्या. ब्रेक हा तिथे शत्रू आहे. थांबायचं असेल तेव्हाही ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, आणि तोंड उताराकडे असेल अशी जागा निवडा.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करायला विसरणं ही नव्या गाड्यांतली ठरलेली चूक. चाक घसरलं की कॉम्प्युटर ताकद कापतो आणि मऊ वाळूत नेमकी तेव्हाच ताकद हवी असते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवा.

पहाटेची वाळू थंड आणि किंचित दमट असते, म्हणून तुलनेने घट्ट. अवघड टप्पे दहाच्या आत आटपा.

गाडी बसली तर

पुढे सरकणं थांबलं त्या क्षणी पाय काढा. ‘अजून एकदा जोरात’ या एका प्रयत्नात चाकं इतकी खोल जातात की गाडी डिफरेन्शियलवर (चाकांच्या मधल्या पोटाखालच्या गोळ्यावर) टेकते आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

सगळे उतरा. वाकून पोटाखाली बघा. गाडी पोटावर टेकलेली नसेल तर आधी रिव्हर्स घेऊन बघा, कारण मागची वाळू तुमच्याच वजनाने दाबली गेलेली आहे. नाही निघाली, तर हवा आणखी उतरवा. मग फावड्याने चारही चाकांपुढची वाळू काढून हळूहळू वर येणारा उतार करा. पोटाखाली वाळू लागत असेल तर तीही काढा. हे न करता ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सरकवायच्या दातेरी फळ्या) खुपसणं म्हणजे बोर्ड वाया घालवणं. बोर्ड चाकाखाली घट्ट सरकवा, स्टिअरिंग सरळ, फोर लोमध्ये दुसरा गिअर, अगदी हलका रेस. चाक बोर्डवर फिरत राहिलं तर प्लास्टिकचे दाते वितळतात. बोर्डच्या रेषेत पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही.

जॅक वाळूत गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. त्याच्याखाली घालायला १८ मिलिमीटर जाड प्लायवुडचा दीड फुटी चौकोन सोबत ठेवा.

दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर सावधपणे. इथे माणसं मेली आहेत. बॉल हिचला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीच बांधू नका. तो गोळा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो. बंपरमध्ये फिरवून बसवायचा आकडा सपाट रस्त्यावर सावकाश ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. चॅसिसला बोल्टने बसवलेला रिकव्हरी पॉइंट हवा. झटका देणारा कायनेटिक दोर आणि साधा टोइंग पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पट्ट्याला झटका दिला तर तो ताणला जात नाही, काहीतरी तुटतं. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. शॅकल (दोर अडकवायच्या यू आकाराच्या कड्या) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला स्वस्तात मिळतात, पण ज्यावर वजनाचा आकडा ठोकलेला नाही ते घेऊ नका. १९ मिलिमीटरचा, ४.७५ टनांचा बो शॅकल पुरतो. दोरावर जाड चादर टाका आणि बाकीच्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर पाठवा. पहिली ओढ हळूच.

पाणी, वजन, इंधन

माणशी दिवसाला ५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला. चार माणसं, तीन दिवस म्हणजे ६० लिटर, वर २० लिटर राखीव: हे ८० किलो झाले. ते टपावर नको, मागच्या सीटच्या पाठीला टेकून खाली ठेवा आणि पट्ट्याने बांधा. एका मोठ्या पिंपाऐवजी दहा-दहा लिटरचे कॅन घ्या. एक फुटला तर बाकीचे राहतात.

मऊ वाळूत इंधन दीड ते दुपटीने जातं. जैसलमेर-रामगढ-तनोट-लोंगेवाला-रामगढ-जैसलमेर ही फेरी डांबरी आणि साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरची. रामगढला पंप आहे, तिथे टाकी भरूनच पुढे जा. जिम्नीची टाकी ४० लिटरची आहे हे विसरू नका. जादा इंधन न्यायचंच तर धातूच्या जेरीकॅनमध्ये, काठोकाठ न भरता. भरताना कॅन जमिनीवर ठेवा. डिकीत ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल द्यायला पंपवाले नकार देतात आणि ते बरोबरच आहे. डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागणारी बीएस-६ डिझेल गाडी असेल तर एक कॅन अहमदाबादलाच घ्या.

एअर फिल्टर रोज संध्याकाळी काढून झटका. हवा मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबाने. पुढच्या गाडीच्या धुळीत चिकटून चालू नका. सेवण गवताच्या पट्ट्यातून गेल्यावर रेडिएटरची जाळी बघा, बियांनी आणि काडीने गच्च होते. सुक्या गवतावर गरम डिझेल गाडी उभी करू नका; डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापलेला असेल तर आग लागते.

परदेशी यादी पाहून केलेली तयारी

वाळवंटी प्रवासाच्या परदेशी याद्यांत सॅटेलाइट फोन पहिला असतो. भारतात थुराया किंवा इरिडियमचा फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि सीमेजवळ तो सापडला तर सहल तिथेच संपते. सीमेजवळ ड्रोनही नको. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. ती आधी काढा, जवानांशी हुज्जत घालून मिळत नाही. डेझर्ट नॅशनल पार्क माळढोकचं घर आहे, तिथे वाट सोडून गाडी घालायची नाही. पोखरण आणि चांधणच्या फायरिंग रेंजच्या हद्दीत शिरू नका. वाळूत पडलेला धातूचा तुकडा उचलू नका.

नेटवर्क सीमेकडे जाताना जातं. नकाशे ऑफलाइन उतरवा, पण नकाशावरची प्रत्येक रेघ वाट नसते. एकटी गाडी धोऱ्यांत न्यायची नाही. कुठे जातोय आणि कधीपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा. गाडी बंद पडलीच तर तिला सोडून चालत निघू नका. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते, शिवाय सावली आणि पाणी तिथेच आहे.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात फलोदीला ५१ अंश नोंदले गेले आहेत (२०१६), तेव्हा सुट्टी आहे म्हणून मेमध्ये जाऊ नका.

सूर्यास्तानंतर डांबरावरही नको. उंटाचं धड हेडलाइटच्या झोताच्या वर राहतं, दिसतात फक्त पाय, तेही उशिरा. तनोटच्या रस्त्यावर वाऱ्याने वाळूचे पट्टे आडवे येतात. ऐंशीच्या वेगात त्यावर चाक गेलं की स्टिअरिंग हातातून खेचलं जातं.

परतताना कच्छ

अनेकजण येताना रणातून येतात आणि वाळूची युक्ती तिथे वापरतात. रणात वाळू नाही. वर मिठाची खपली आणि खाली चिखल. पाऊस संपल्यावरही कित्येक महिने तो ओला राहतो, हवा उतरवून फारसा फरक पडत नाही, आणि चाकाला ओढून घेणाऱ्या त्या चिखलातून दुसरी गाडी आणली तर तीही बसते. रस्ता सोडू नका. पांढऱ्या रणाचा परवाना वाटेतल्या भिरंडियारा गावाला काढून पुढे जा. मुंबईत पोहोचल्यावर त्याच दिवशी चॅसिस, चाकांच्या आतली बाजू आणि ब्रेक गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या. टायरमध्ये रुतलेले बाभळीचे काटे मात्र टायरवाल्याकडेच काढा. काही काटे भोक बुजवूनच बसलेले असतात, उपटले की हवा जाते.