पाऊस गेला, लाकडावरच्या ऑर्किडची मुळं आजच बघा

कोकणातून आणि गोव्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढता पाय घेतो. लगेच पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, दुपारी पारा ३४-३५ अंशांवर जातो, पण बाग मात्र अजून हिरवीगार दिसत असते. त्या हिरवळीवर विसंबल्यामुळे लाकडावर बांधलेली ऑर्किड मरतात. किडीने गेलेली झाडं मी पाहिली आहेत, आषाढात कुजून गेलेलीही पाहिली आहेत. पण पाऊस थांबल्यावरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाण्यावाचून जेवढी जातात, तेवढी दुसऱ्या कशानेच जात नाहीत. दरवर्षी हेच होतं.

म्हणून बागायतदार बंधू-भगिनींनो, शेवटची मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवसापासून पाणी सुरू करा. आठवडाभर बघू, मग ठरवू, असं करू नका.

कुंडीतल्या ऑर्किडला नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे यांचा आधार असतो. एकदा भिजवलं की ते दोन दिवस ओल धरतात. लाकडावरच्या झाडाला असा साठा नाही. मूळ सालीला चिकटलेलं आणि बाकी सगळं उघड्या वाऱ्यावर. आर्द्र हवेत हीच गोष्ट फायद्याची ठरते, मुळांना हवा मिळते आणि कूज कमी होते. म्हणून तर जोरदार पावसाच्या पट्ट्यात मी स्वतः कुंडीपेक्षा लाकडालाच पसंती देतो. पण ऑक्टोबरात सकाळी आठला भिजवलेला फांदीचा तुकडा दहा-साडेदहाला खडखडीत कोरडा असतो. एकाच शेडनेटखाली कुंड्या आणि लाकडं दोन्ही ठेवून दोघांना एकाच वेळापत्रकाने पाणी देणारे बागायतदार कमी नाहीत. कुंड्या तगतात, लाकडं जातात, आणि मग लाकडावर ऑर्किड होत नाही असा निष्कर्ष निघतो.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की पान लगेच बोलत नाही. वांडा, सीतेची वेणी, फॅलेनॉप्सिस यांची पानं जाड असतात, डेंड्रोबियमच्या कांड्यांत पाणी साठलेलं असतं. मुळं ऑक्टोबरात मेली तरी पानं नोव्हेंबर अर्धा होईपर्यंत साधारण बरी दिसतात. डिसेंबरात सुरकुत्या पडतात, खालची पानं पिवळी होऊन गळतात, आणि तेव्हा माणूस पान तोडून दुकानात घेऊन जातो. दुकानदार बुरशीनाशक देतो, एक टॉनिक देतो, वर मुळांच्या वाढीचं काहीतरी देतो. हजार-दीड हजार रुपये जातात. ज्या झाडाला मूळच उरलेलं नाही त्याला या तिन्हींचा काय उपयोग?

पान सोडा, मूळ बघा. ऑर्किडच्या मुळावर पांढरट, स्पंजसारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, पाणी पडलं की मिनिटभरात हिरवं होतं. दहा-बारा झाडं निवडून त्यांच्या मुळांवर थोडं पाणी ओता आणि जवळ उभे राहा. हिरवं झालं तर मूळ जिवंत आहे. मळकट तपकिरीच राहिलं तर ते दोन बोटांत धरून हलकेच दाबा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं मूळ कागदासारखं चपटं होतं, आणि ओढलं की वरचं आवरण निसटून हातात येतं, आत नुसता दोरा उरतो. टोकाकडेही नजर टाका. हिरवं किंवा तांबूस, चकचकीत टोक म्हणजे मूळ वाढतंय. टोकावर पांढरं आवरण चढून ते बंद झालं असेल तर झाडाने पाण्याअभावी वाढ थांबवली असण्याची दाट शक्यता आहे. डेंड्रोबियमच्या काही जाती मात्र थंडीपूर्वी आपणहूनच थांबतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाणी द्यायचं म्हणजे पानांवर स्प्रे बाटलीने तुषार मारायचे नव्हेत. तुषारांनी पान ओलं होतं, माणसाचं समाधान होतं, मूळ तसंच राहतं. झारीने किंवा बारीक धारेच्या नळीने मुळं आणि लाकूड दोन्ही निथळेपर्यंत भिजवा. पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा भिजवा. पहिल्या पाण्याने आवरण उघडतं, दुसऱ्या पाण्याने ते भरतं. सगळी मुळं सारखी हिरवी दिसली की पुरे. लाकडाची मागची बाजू विसरू नका, बरीच मुळं वळून तिकडे गेलेली असतात.

सकाळी नऊच्या आत हे एकदा करायचंच. झाड लहान असेल, लाकूड गुळगुळीत असेल किंवा वारा जास्त असेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास दुसऱ्यांदा. संध्याकाळी पानांच्या बेचक्यात पाणी साठू देऊ नका, फॅलेनॉप्सिसचा गाभा त्याने कुजतो. संध्याकाळी झाडावर न देता खालची जमीन, जांभ्याचे चिरे, वाट भिजवा. जाड पानांची ही झाडं पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीची हवा दमट राहिली की पानातून पाणी कमी उडतं. धुक्यासारखे तुषार सोडणारे महागडे फॉगर बसवण्याआधी महिनाभर एवढं करून बघा. वीज नसतानाही हे करता येतं.

लहान लाकडं घमेल्यात बुडवून काढायची पद्धत चांगली आहे, पण सगळी झाडं एकाच पाण्यात बुडवू नका. एका झाडाची कूज आणि विषाणू त्याच पाण्यातून पुढच्या झाडात जातात. बुडवायचंच असेल तर दर झाडाला नवं पाणी घ्या.

परतीच्या पावसावर भरवसा ठेवू नका. संध्याकाळी गडगडाट होतो, दहा-पंधरा मिनिटं सर येते, अंगण भिजतं आणि उद्याचं पाणी चुकवलं जातं. शेडनेटखाली, झाडाच्या दाट फांदीखाली, लाकडाच्या आडोशाला त्या सरीचं पाणी मुळापर्यंत पोचतच नाही. सर येऊन गेल्यावर बोट लावून बघा. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की अंगणात चतुरांचे थवे खालून उडायला लागले की पाऊस संपत आला असं धरून मी नळ्या, झाऱ्या बाहेर काढतो. हवामान खात्याचा अंदाज बघाच, पण नळी त्याआधीच जोडलेली असू द्या.

उन्हाची दिशाही या दिवसांत बदलते. सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि पावसाळाभर सावलीत असलेल्या दक्षिण बाजूच्या लाकडांवर दुपारचं थेट ऊन येतं. अशी लाकडं पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे हलवा. डेंड्रोबियमला ५० टक्के आणि फॅलेनॉप्सिसला ७५ टक्के सावलीची जाळी साधारण मानली जाते. उभ्या झाडावर बांधलं असेल तर ते झाड पानगळीचं आहे का ते आताच बघून ठेवा. साग, सावर, पांगारा पानं टाकतात आणि ऐन कोरड्या दिवसांत ऑर्किड उघडी पडतात. आंबा, फणस बारमाही सावली देतात.

पाणी कसलं देता यावरही बरंच अवलंबून आहे. जांभ्याच्या भागातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. खाडीकाठच्या विहिरीचं किंवा खोल बोअरचं क्षारयुक्त पाणी लाकडावरच्या झाडाला लवकर बाधतं, कारण रोज पाणी उडून जातं आणि क्षार मुळावर बसतात. मुळांवर, सालीवर पांढरा थर दिसला की समजा. क्षार मोजण्याचं साधं पेनासारखं यंत्र गावात दोघातिघांत मिळून एक घेतलं तरी पुरतं. २०० पीपीएमच्या आतलं पाणी चांगलं. त्यावर असेल तर पागोळ्यांचं साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा भरपूर ओतून मुळं धुऊन काढा. शेवटच्या सरींचं पाणी पिंपात धरून ठेवायला अजून वेळ आहे.

आता अपवाद. सह्याद्रीतली पानगळीची डेंड्रोबियम पावसानंतर पानं टाकून विश्रांती घेतात. पान पिवळं पडतंय म्हणून त्यांच्यावर रोज पाणी आणि खत ओतू नका. नुसत्या कांड्या उरल्या की आठवड्यातून दोनदा सकाळी थोडं पाणी पुरतं. सोनियासारख्या सदाहरित संकरित डेंड्रोबियमला, वांडाला, सीतेच्या वेणीला ही सूट नाही. आणि जंगलातली ऑर्किड सालीसकट उचकटून आणू नका, कोणी विकायला आणली तरी घेऊ नका. ती तोडणं आणि विकणं कायद्याच्या कचाट्यात येतं, आणि त्यातली बहुतेक बागेत वर्षभरही टिकत नाहीत. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं घ्या.

नेहमीची कामं थोडक्यात:

– बांधणी तपासा. झाड हललं की नव्या मुळाचं टोक तुटतं. पावसात कुजलेली सुतळी काढून जुन्या सुती कापडाची पट्टी बांधा.
– नायलॉनची बारीक दोरी मुळावर रुतू देऊ नका. तांब्याची तार वापरू नका.
– फॅलेनॉप्सिस पानं खाली झुकतील असंच बांधलेलं असावं.
– बुरशी धरलेलं, बोटाने भुगा होणारं लाकूड आता फक्त हेरून खूण करा. बदल फेब्रुवारीनंतर.
– नवीन लाकूड जमवून ठेवायचं तर सुरूच्या, ऐनाच्या, आंब्याच्या, सागाच्या झाडांच्या वाळलेल्या फांद्या. निलगिरीची साल सुटते, ती नको. रंग, पॉलिश, वाळवीचं औषध लावलेलं लाकूड नको.
– शेवाळाचा जाड थर मुळांवर चढला असेल तर हाताने विरळ करा.
– मेलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापा. दर झाडानंतर कात्री ज्योतीवर धरा.

कीड-रोग:

– गोगलगाय: अजून ओल असेपर्यंत रात्री बॅटरी घेऊन वेचा. फार असतील तर मेटाल्डिहाइड २.५ टक्के आमिष जमिनीवर, कुत्रा-मांजर आणि कोंबड्या पोचणार नाहीत असं.
– पिठ्या ढेकूण, खवले कीड: जुन्या दातघासणीने घासून काढा, मग अॅझाडिरेक्टिन १०,००० पीपीएम २ ते ३ मिली प्रति लिटर, दहा दिवसांनी पुन्हा.
– लाल कोळी: हवा कोरडी पडली की येतो. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला उपाय. न भागल्यास पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर, सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात मारलं तर पानं भाजतात.
– काळी कूज: भाग निरोगी पेशींपर्यंत कापा, मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर. कापलेल्या पानावर मी घरची दालचिनीची पूड लावतो आणि जखम लवकर सुकते. मुळांना मात्र ती लावू नका, मुळं वाळतात.
– कोणतंही औषध आधी दोन-तीन झाडांवर मारून आठवडाभर बघा.

पोफळीवर ऑर्किड बांधलेल्यांना एक वेगळी सूचना. कोळेरोगासाठी, म्हणजे फळं कुजून गळतात त्या रोगासाठी, सुपारीवर १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं, तांबं असलेलं औषध) मारलं जातं आणि त्याचे थेंब खोडावरून खाली ओघळतात. तांबं ऑर्किडला, विशेषतः डेंड्रोबियमला, सोसत नाही. मुळांची टोकं काळी पडून थांबतात. यंदा फवारणी झाली असेल आणि मुळं अशी दिसत असतील तर साध्या पाण्याने लागोपाठ तीन-चार दिवस धुवा. पुढच्या वर्षी फवारणीच्या आधी झाडांवर प्लास्टिक टाका आणि थेंब थांबले की लगेच काढा.

खताबद्दल सांगतो, कारण या महिन्यात विक्रेते फार मागे लागतात. फुलं वाढवणारी बाटली, मुळं वाढवणारी बाटली, परदेशी शेवाळाची पिशवी. वाढीत असलेल्या झाडाला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत १ ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा पुरतं. लाकडावरच्या झाडांना अर्धा ग्रॅम करून आठवड्यातून दोनदा दिलेलं मला जास्त मानवलेलं दिसलंय, कारण तिथे खत टिकत नाही. पण एक नियम मोडू नका: आधी साधं पाणी, मुळं हिरवी, मगच खताचं पाणी. कोरड्या मुळावर खत पडलं की टोकं जळतात. परदेशी शेवाळाऐवजी मुळांशी धुतलेल्या काथ्याची बोटभर जाडीची पातळ गादी ठेवा आणि पुढच्या पावसाआधी ती काढून टाका, नाहीतर तिथेच कूज सुरू होते.

दिवाळीत चार दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याला फक्त पाणी घाल म्हणून जाऊ नका. त्याला एकदा समोर उभं करून मूळ हिरवं कसं होतं ते दाखवा. कोणीच नसेल तर लहान लाकडं उतरवून सावलीत, ओल्या गोणपाटावर टेकवून ठेवा. चार दिवस निभतात, आठ नाही.

ज्यांची मुळं आधीच गेली आहेत त्यांनी झाड टाकून देऊ नये. लाकडावरून सोडवा, मेलेली मुळं कापा, कांडी किंवा खोड टणक असेल तर कुंडीत सोडणाच्या मोठ्या तुकड्यांवर सैल ठेवून ७५ टक्के सावलीत न्या. तुकडे दमट ठेवा, चिंब नको. खत बंद. सुरकुतलेली पानं पुन्हा पूर्ववत होतीलच असं नाही, तुम्ही नव्या मुळाची वाट बघा. त्याच लाकडावर लगेच परत बांधायचा मोह होतो, पण थंडीत मुळं धरत नाहीत आणि झाड दुसऱ्यांदा वाळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याशी हिरवं टोक अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाहेर आलं की बांधा, आणि पाऊस लागेपर्यंत त्याला दिवसातून दोनदा पाणी द्या.