वजन वाढत नाही? आधी ताटाकडे बघा

बास्केटबॉल खेळणाऱ्या सडपातळ मुलांची नेहमीची तक्रार असते, ‘जिम करतो, पण वजन वाढतच नाही.’ बहुतेक वेळा दोष व्यायामात नसतो, खाण्यात असतो. दोन तासांच्या सरावात इतकी ऊर्जा खर्च होते की तीन वेळचं जेवण नुसती तूट भरून काढतं. त्यामुळे रोज साधारण 300 ते 500 कॅलरी जास्तीच्या हव्यात. भूक नसेल तर त्या पिऊन घ्या: दूध, केळं, शेंगदाण्याचं बटर एकत्र फिरवलं की काम झालं. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला 1.6 ग्रॅमच्या आसपास पुरतात. पावडरचे डबे लगेच आणायची घाई नको.

आठवड्यातून दोन-तीनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं), पुश-अप्स, पुल-अप्स. उचलायचं वजन वाढवण्याआधी हालचाल नीट बसू द्या, आणि उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत नाहीत ना, हे कुणाला तरी बघायला सांगा. बायसेप्सचं नंतर बघू!

आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ पुरे. वजन वाढतंय पण उडी कमी होतेय, तर बहुधा चरबीच जास्त चढतेय; खाणं थोडं आवरा. आणि झोप किमान आठ तास.