सरकत्या कीबोर्डचा टचस्क्रीन फोन: या चुका टाळा

एचटीसी ड्रीम (२००८), नोकिया एन९०० (२००९) किंवा अलीकडचा एफएक्सटेक प्रो१ (२०१९), फोन कोणताही असो, स्क्रीनचा भाग आणि कीबोर्डचा भाग एका पातळ, लवचिक पट्टीने जोडलेला असतो. तिला फ्लेक्स केबल म्हणतात. कीबोर्ड उघडताना आणि मिटताना ती दर वेळी वाकते, त्यामुळे सगळ्यात आधी झिजते तीच. मात्र दोष स्क्रीनवर जातो.

तपासणी न करता स्क्रीन बदलणे

ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि कीबोर्ड अगदी सावकाश, आठ-दहा सेकंद घेत उघडा. चित्र ठरावीक जागीच लुकलुकते, रेघा येतात किंवा मिटल्यावर दिसते नि उघडल्यावर जाते, तर केबल तुटत चालली आहे. कोणत्याही स्थितीत फरक पडत नसेल तर स्क्रीन किंवा तिच्या कनेक्टरकडे वळा. स्क्रीन काळी असूनही कॉलची रिंग वाजत असेल तर मदरबोर्ड चालू आहे, एवढे नक्की. इथे फॅक्टरी रीसेट करू नका. केबल त्याने जुळत नाही, डेटा मात्र जातो. चित्र अधूनमधून दिसते आहे तोवरच बॅकअप घ्या.

नवी केबल घेताना लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा (जुन्या फोनमध्ये हे लेबल बहुधा बॅटरीखाली असते). एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळे प्रकार असतात आणि त्यांच्या केबल एकमेकांना बसतीलच असे नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा किंवा तिचा कनेक्टर सोडवा. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, धातूच्या पिनेने नको. केबलला तीक्ष्ण घडी पडली की आतली तांब्याची रेघ तुटते आणि नवी केबलही पहिल्याच दिवशी वाया जाते.

कोपऱ्यातून ढकलणे

एका अंगठ्याने कोपरा रेटला की स्क्रीन खाचांमध्ये तिरकी अडते. आडव्या सरकणाऱ्या फोनमध्ये दोन्ही अंगठे लांब कडेवर, मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा आणि काचेवर दाब न देता ढकला. स्प्रिंग असेल तर अर्ध्या वाटेनंतर ती स्वतःच ओढून घेते. पुढे जोर लावू नका.

खाचांमध्ये तेल सोडणे

सरकणे जड झाले की लोक तेलाचा थेंब टाकतात. दोन दिवस बरे वाटते. मग त्या तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो आणि तेल झिरपत बटणांखाली पोचते. त्याऐवजी फोन बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने खाचा झाडा.

बटणे बिघडल्यावर नुसते जोरात दाबणे

प्रत्येक बटणाखाली धातूची छोटी घुमटी असते, तिला डोम म्हणतात. एकच बटण उठत नसेल किंवा एकाच दाबात अक्षर दोनदा उमटत असेल, तर त्या डोमखाली मळ किंवा गंज आहे. एका ओळीतली किंवा ठरावीक गटातली अनेक बटणे एकदम गेली, तर मळ शोधत बसू नका. बटणे आडव्या-उभ्या वाहिन्यांच्या जाळीत जोडलेली असतात आणि त्यातली एक वाहिनी तुटली आहे. स्वच्छतेसाठी किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या. काडी फक्त ओलसर हवी, ठिबकणारी नको. नंतर निदान अर्धा तास वाळू द्या.

बटणांमागचा दिवा लागत नाही, हा अनेकदा बिघाडच नसतो. बऱ्याच फोनमध्ये तो प्रकाश-सेन्सरवर चालतो आणि उजेडात विझलेलाच राहतो. अंधारात तपासा.

टच कसा चालतो हे न पाहणे

नोकिया एन९७ आणि एन९०० यांची स्क्रीन रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारी आहे. तिच्यावर जाड काच चिकटवली की टच मंदावतो. नख किंवा स्टायलस उत्तम चालते. एचटीसी ड्रीमची स्क्रीन कपॅसिटिव्ह, तिला बोटाचा स्पर्श लागतो.

चुंबकाचे कव्हर लावणे

कीबोर्ड उघडला हे अनेक फोन आतला छोटा चुंबक आणि हॉल सेन्सर (जवळचा चुंबक ओळखणारा भाग) यांनी ओळखतात. चुंबकाच्या कव्हरमुळे मिटलेल्या फोनचीही स्क्रीन आडवी होते किंवा खिशात तो जागा होतो. आधी कव्हर काढून पाहा.

आणि फोन अचानक सरकेनासा झाला, पाठ किंचित फुगलेली दिसली, तर खाचांशी झटापट नको. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, फोन दाबू नका, बॅटरी टोचू नका आणि आधी ती बदलून घ्या.