बिलिंगच्या अपग्रेडला हात घालण्याआधी

होस्टिंग कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना सर्व्हरची धास्ती असते. बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे मात्र अकाउंट्सवाल्यांची भानगड, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ग्राहकाचं खातं उघडणं, डोमेन रिन्यू करणं, पैसे थकले की साइट सस्पेंड करणं, हे सगळं तेच सॉफ्टवेअर करतं, आणि बहुतेक वेळा रात्री, कुणी बघत नसताना. म्हणून मोठं अपग्रेड अंगावर आलं की आधी त्याची रात्रीची कामं समजून घ्या. नव्या व्हर्जनमध्ये काय चकचकीत आलंय ते नंतर वाचलं तरी चालतं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात डब्ल्यूएचएमसीएस नावाचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, म्हणून उदाहरणं त्यातलीच देतो. २०२० साली आलेलं त्याचं आठवं व्हर्जन हा चांगला धडा आहे. त्याला पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिलंय ती) किमान ७.२ लागायचं. पीएचपी वाढवलं की आयनक्यूब लोडरही (कुलूपबंद कोड चालवणारा जोडप्रोग्रॅम) त्याच व्हर्जनचा लागतो, आणि बाहेरून विकत घेतलेली मॉड्यूल्स, म्हणजे जोडसुविधा, त्यावर चालतात का, हे ज्याच्या त्याच्या विक्रेत्याला विचारावं लागतं. शिवाय लॉगिन करणारा युजर आणि ज्याच्या नावावर बिल निघतं तो क्लायंट, हे दोघे त्या व्हर्जनपासून वेगळे झाले. तुमच्या कुणा जुन्या सहकाऱ्याने स्वतःचं लॉगिन पान लिहून ठेवलं असेल तर ते इथेच अडकतं. त्यामुळे पहिला आठवडा नुसती यादी करण्यात घालवा: कुठले हूक (ठरावीक घटनेला आपोआप चालणारा आपला कोड), कुठली मॉड्यूल्स, टेम्प्लेटमध्ये म्हणजे पानांच्या साच्यात कुठे हात घातलाय. ‘हे कुणी लिहिलं?’ याचं उत्तर ‘तो सोडून गेला’ असं आलं की त्या फाइलवर लाल खूण करा.

आता टेस्ट कॉपी, म्हणजे अपग्रेड आधी करून बघायला काढलेली नक्कल. सगळ्यात जास्त सांगायचंय ते हिच्याबद्दल, कारण नवा माणूस नेमका इथेच निर्धास्त असतो. खऱ्या डेटाबेसची कॉपी म्हणजे खरे ग्राहक, खरे ईमेल पत्ते, सर्व्हरचे आणि डोमेन रजिस्ट्रारचे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचे) खरे पासवर्ड. त्या कॉपीवर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) एकदा जरी चालला तरी तिला ती कॉपी आहे हे ठाऊक नसतं. ती ग्राहकांना थकबाकीचे मेल पाठवेल, पैसे भरलेल्याची साइट सस्पेंड करेल, रजिस्ट्रारकडे रिन्यूअलची ऑर्डर टाकेल. डोमेनचे पैसे एकदा गेले की सहसा परत येत नाहीत. म्हणून कॉपी उघडण्याआधी क्रॉन लावलेला नाही ना ते बघा, मेल पाठवणं बंद करा, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) टेस्ट मोडवर टाका, आणि सर्व्हर व रजिस्ट्रारचे पासवर्ड थेट डेटाबेसमध्येच बिघडवून ठेवा. मग खुशाल मोडतोड करा. लायसन्स डोमेन आणि आयपीला बांधलेलं असतं, तेव्हा टेस्टसाठीचं वेगळं लायसन्स आधीच मागून घ्या.

टेस्टला अकाउंट्सच्या मॅडमना शेजारी बसवा. पानाचा रंग बदलला तर ग्राहक चालवून घेतो, इन्व्हॉइस चुकलं तर त्याचा सीए घेत नाही. राज्यातल्याच पुण्याच्या ग्राहकाच्या बिलावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, परराज्यातल्या बंगळुरूच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी पडतोय का, ते प्रिंट काढून बघा. इन्व्हॉइस नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. अपग्रेडनंतरचा पहिला नंबर काय निघतो तो मुद्दाम तपासा. कार्डचे ऑटो-पेमेंटवाले ग्राहक वेगळे काढा. २०२२ पासून कार्डाचा नंबर आपल्याकडे साठवता येत नाही, त्याऐवजी गेटवेने दिलेलं टोकन, म्हणजे एक संकेतांक असतो. ते टोकन नव्या मॉड्यूलला वाचता येतंय का, हा खरा प्रश्न.

तारीख ठरवताना मार्च विसरा. महिन्याची ११ आणि २० तारीखही टाळा, कारण दरमहा जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ आणि ३बी या दोन फॉर्मची मुदत तेव्हाच असते. गणपतीत तर नकोच, मॅडम कोकणात असतात. आम्ही २० तारखेनंतरचा मंगळवार धरतो. मध्यरात्रीनंतर लोकल बंद होतात, तेव्हा डोंबिवलीच्या माणसाला रात्री ऑफिसात थांबवायचंय की घरून लॉगिन करायला द्यायचंय, हे आदल्या दिवशी ठरवा. जुलैच्या पावसात ऑफिसात थांबायच्या भरवशावर राहू नका.

प्रत्यक्ष रात्री करायचं थोडंच असतं. क्रॉन बंद, मेंटेनन्स मोड चालू, फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप. कॉन्फिगरेशन फाइल वेगळी जपा. तिच्यातली एन्क्रिप्शन की हरवली तर साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत, मग नुसता डेटाबेस परत आणून उपयोग नाही. माघारीची वेळ आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे पहाटे तीन. तीनपर्यंत टेस्ट इन्व्हॉइसचं पेमेंट जमा झालं नाही तर चर्चा न करता जुनं व्हर्जन परत.

दुसऱ्या दिवशीचा पहिला रोजचा क्रॉन आपोआप सोडू नका, समोर बसून हाताने चालवा. किती बिलं निघायला हवी होती आणि किती निघाली, किती खाती सस्पेंड झाली, हे आदल्या आठवड्याच्या लॉगशी जुळवा. जुना बॅकअप मात्र त्या महिन्याचं रिटर्न भरून होईपर्यंत पुसायचा नाही, डिस्क भरली म्हणून सिस्टिमवाला कितीही कटकट करो.